पोटातला राखणदार

"साल्मोनेला आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. घाटकोपरच्या त्या हॉस्पिटलात मला ते आधी कुणा बाईचं नाव वाटलं. दूषित खाण्यातून आतड्यात जाणारा हा जंतू. स्टूल कल्चरमध्ये, म्हणजे शौचाच्या नमुन्यात काय वाढतं ते बघतात त्या तपासणीत, तो सापडला होता. जुलाबांनी माझ्या नवऱ्याच्या, यांच्या अंगातलं पाणी इतकं गेलं की किडन्या काम सोडायला लागल्या होत्या.

भाचीच्या हळदीला आम्ही दोघांनी एकाच पातेल्यातली कोंबडीची सागोती खाल्ली होती. माझं पोट जरासं बिघडलं, एवढंच. मग यांचीच अशी वाट का लागावी?

"ॲसिडिटीची गोळी घेतात का?" बाईंनी विचारलं.

आम्ही मालवणी. वडे-सागोतीचं आमंत्रण आलं की हे आधी गोळी गिळणार, मग हात धुणार. हल्ली तर रोजच, स्वतःच्या मनाने.

"जठरातलं ॲसिड बरेच जंतू तिथेच मारतं," बाई म्हणाल्या. "गोळीने ते कमी झालं की जास्त जंतू जिवंत पुढे जातात. पुढे लहान आतड्यात यकृताकडून आलेलं पित्त असतं. ते भरपूर असेपर्यंत हा जंतू दबून राहतो. आतड्याच्या शेवटाकडे पित्त कमी झालं की त्याला कळतं, आपली जागा आली. मग तो आतड्याच्या पेशींत शिरतो."

त्या जंतूला ना डोळे, ना नाक, आणि माझ्या नवऱ्याच्या पोटात आपण कुठवर आलो हे त्याला कळतं. मी अजून अंधेरी मेट्रोला कुठून बाहेर पडायचं ते विचारते. राग यायला हवा होता, पण आला अचंबाच. आयसीयूबाहेर बसून मी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. आत केवढं काय चालतं, आणि आपल्याला कळते फक्त भूक. गावच्या वेशीवर राखणदार असतो, तसा एक आपल्या पोटातही असतो. त्याला आम्हीच रोज झोपवत होतो.

सलाइन चालू होतं, अँटिबायोटिक चालू होतं. एका सकाळी नर्स म्हणाली, "काकी, लघवी नीट व्हायला लागली." खाटेला लटकलेल्या लघवीच्या पिशवीला मी मनापासून हात जोडले आणि तिथेच रडले.

तुमच्या घरात डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर माझं ऐकून बंद करू नका. मनानेच चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा.

परवा भाची जेवायला आली. कोंबडी मी नीट शिजवली. जेवण झाल्यावर हे छाती चोळत म्हणाले, "जळजळता गो." हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"जळांदे जरा," मी म्हटलं. "राखणदार जागो आसा."

हे कुरकुरत शतपावलीला उठले. ती कुरकुर करायला माणूस घरात आहे, याहून जास्त मला काही नको होतं.