पेन्सिलीएवढा दांडा

जळगाव जामोदच्या बसस्टँडमागे आमचं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचं दुकान आहे. ‘आमचं’ हे मी मुद्दाम लिहिते, कारण गावानं त्याला कायम मिस्त्रीचंच दुकान म्हटलं. मी तिथं फक्त जेवणाचा डबा घेऊन येते, असा लोकांचा समज. डबा आणायचेच. पण नवरा जेवायला बसला की लेथवर मी उभी राहायचे आणि त्याचं जेवण होईस्तोवर काम पुढं न्यायचे. अशी वीस वर्षं गेली.

मग त्याच्या उजव्या हाताला लकवा मारला. काम मी सांभाळलं. पण माझ्या हातात लेथ त्याला बघवेना. त्यानं परस्पर गिऱ्हाईक पाहिलं. सोमवारी टेम्पो येणार आणि मशीन जाणार, एवढंच मला कळवलं.

“काऊन?” मी विचारलं.

“बायको लेथ चालवते म्हनून लोक हासतीन.”

हात माझे चालत होते आणि लाज त्याला वाटत होती. त्या वाक्याचा राग मला आजही येतो.

शनिवारी सकाळी कापसाच्या जिनिंगचा फिटर आला. गाठी बांधायच्या प्रेसमधल्या व्हॉल्व्हचा दांडा झिजला होता आणि प्रेस बंद होती. पेन्सिलीएवढा जाड, हातभर लांब, पाणी दिलेल्या कडक पोलादाचा दांडा. तसे दोन जाडसर तुकडे त्यानं आणले होते. “वहिनी, दोनच आहेत. तिसरा भेटत नाही,” तो म्हणाला.

नवरा दारातल्या खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागला. मी दांड्याचं एक टोक चकच्या फिरत्या जबड्यात धरलं, दुसऱ्या टोकाला समोरच्या टेलस्टॉकचं टोकदार सेंटर लावलं. “आवळ. अजून आवळ,” तो म्हणाला. मी आवळलं. बारीक दांडा घट्ट दाबून धरायचा, ही त्याची जन्माची पद्धत. कातायचं टूल लागताच दांडा तापला. तापला तसा वाढला, आणि दोन्हीकडून दाबलेला असल्यानं वाढायला जागाच नव्हती. मधोमध कमान धरून तो टूलपासून पळायला लागला. शेवटी मापलं तर टोकं बरोबर आणि पोट सुटलेलं. फिटरनं कपाळाला हात लावला.

“पाह्यलं? तुह्यानं होत नाही,” नवरा म्हणाला.

आता मात्र माझं डोकं सटकलं. माझा बाप सुतार. बैलगाड्या करता करता त्यानं मला लाकूड ओळखायला शिकवलं होतं. दुकानात बाभळीचा जुना ठोकळा पडला होता. तो उभा चिरून दोन फाळ्या केल्या, एकत्र बांधल्या, टूलच्या बाजूला बसवल्या आणि चकमध्येच ड्रिल धरून त्यांच्यात भोक पाडलं, म्हणजे भोकाचा मध्य आपोआप जुळला. मग फाळ्या तेलात भिजवल्या. दुसऱ्या तुकड्याचा चकजवळचा बोटभर भाग मापात आणला, त्याच्याभोवती फाळ्या आवळल्या आणि टेलस्टॉक सैल केला.

“सैल? येडी झाली काय?”

“तुम्ही गप बसा.”

लग्नानंतर हे मी पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही फिटरसमोर. बरं वाटलं.

टूल मी उलट्या दिशेनं, चककडून टेलस्टॉककडे चालवलं. कपाशीची वाळलेली पराटी ढकलली की वाकते, ओढली की सरळ राहते, हे शेतातल्या कोणत्याही बाईला ठाऊक असतं. दांडा ओढला जात होता आणि मागोमाग सरकणाऱ्या बाभळीच्या फाळ्या त्याला हलू देत नव्हत्या. केसभर काप, पुन्हा केसभर काप. जेवायची वेळ टळून गेली. मायक्रोमीटर तीन जागी लावला आणि तिन्ही जागी एकच माप आलं. फिटर दांडा फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. संध्याकाळी प्रेस चालू झाल्याचा त्याचा फोन आला.

सोमवारी टेम्पो आला तेव्हा मी लेथवर ट्रॅक्टरची पिन कातत होते.

“बंद करा बाई, मशीन उचलाची आहे,” घेणारा म्हणाला. मी बंद केली नाही. तो खुर्चीकडे वळला.

“मी शब्द देला त्याले,” नवरा मला म्हणाला.

“शब्द तुम्ही देला. मशीन मी नाही देत.”

हमाल एकमेकांकडे बघून हसले. हसू दिलं. टेम्पो रिकामा गेला.

तीन दिवस नवरा माझ्याशी बोलला नाही, पण दुकानात येऊन रोज त्या खुर्चीवर बसला. चौथ्या दिवशी रस्त्याकडे बघतच म्हणाला, “टूल बोथट झालं. आवाज येऊन राह्यला.”

खरंच झालं होतं. मला ते ऐकू आलं नव्हतं. मी टूल काढलं आणि धार लावायला घेतलं.