मोजणीची मशीन

मी विद्यापीठात संशोधक म्हणून लागले तेव्हा माझं काम घरी कुणाला नीट समजलं नाही. विषाणू फार ताकदवान सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, तर आधी ते क्षणात गोठवावे लागतात. हळू गोठवले तर पाण्याचे स्फटिक होतात आणि आतलं सगळं फाटतं. गोठवणारं यंत्र एका खोलीत कायमचं बसवलेलं असतं. ते शेतात नेता येईल इतकं लहान करणं, हे माझं काम. आईनं शेजारणीला सांगितलं, "पोरगी बरफाच्या कारखान्यात हाय."

यंत्र तयार झालं आणि पहिली चाचणी मी आमच्याच शेतात घ्यायची ठरवली. आमच्या मानोऱ्याकडे त्या साली सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग पडला होता. रोगट पानाचा रस जागच्या जागी गोठवून बघायचा होता. त्याला द्रव नायट्रोजन लागतो. तो आमच्या घरात नवा नव्हता, कारण माझा मोठा भाऊ, दादा, तेव्हा गुरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करायचा आणि वळूचं वीर्य त्यातच साठवतात. त्यानं मोठा कॅन भरून आणला.

शेजारचं शेत चुलतभावाचं. धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, वाद चालू होता. त्यानं नांगर आमच्या हद्दीत घातला, म्हणून दादानं सरकारी मोजणीचा अर्ज दिला. नोटीस आली होती, आणि मोजणीवाले कधी येतात याकडे दोन्ही घरांचं लक्ष होतं. हे सगळं मला माहीत होतं. पण माझं यंत्र पिवळ्या तिपाईवर बसतं आणि मोजणीवाल्यांचंही तसंच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पोळा होऊन गेला होता. ऊन कडक होतं. धुऱ्याजवळ पीक जास्त पिवळं पडलेलं, म्हणून तिपाई तिथंच लावली. दादानं कॅनचं झाकण काढलं. मी यंत्रात वाकून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोनाले इचारून मशीन लावली?"

चुलतभाऊ फवारणी सोडून आला होता. पायात गमबूट, हातात कुऱ्हाड. मागून काकू, म्हणजे त्याची आई, साडी सावरत येत होती.

"अरे, हे मोजनीचं नाही," दादा म्हणाला.

"मले येडा समजतं का?"

त्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, यंत्रावर घाव घातला. तिपाई मोडली, काच फुटून माझ्या गालाला लागली. दादा मध्ये आला तेव्हा दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादा खांदा धरून खाली बसला. मी ओरडत चुलतभावाच्या दंडाला लोंबकळले. त्यानं मला झटकून ढेकळांत पाडलं, कुऱ्हाड टाकली आणि कॅन दोन्ही हातांनी वर उचलला.

"ठेव तो खाली," मी म्हणाले.

त्याला तो माझ्यावर फेकायचा होता. पण कॅन जड, त्याच्याच बाजूला कलंडला, आणि पांढरा धूर सोडत नायट्रोजन सरळ त्याच्या उजव्या गमबुटात उतरला.

उघड्या कातडीवर चार थेंब पडले तर ते घरंगळून जातात. बुटात साचलं तर पाय गोठतो. तो आधी नुसता बघत राहिला. मग गुरासारखा हंबरला आणि पडला. बूट ओढून निघेना. धुऱ्यावर विळा पडला होता. तो घेऊन मी त्याच्या पायावर बसले आणि रबर वरून खाली चिरू लागले. तो दुसऱ्या पायानं माझ्या बरगड्यांवर लाथा मारत होता. विळा बघून काकूनं तिपाईचा तुटलेला पाय उचलला आणि माझ्या पाठीत घातला.

"पोराचा पाय कापून राह्यली वं तू."

"काकू, बूट कापून राह्यली. नाही काढला तं पाय जाईन त्याचा."

तिनं आणखी एकदा मारलं. मग रबर उघडलं आणि तिला आतला पाय दिसला, मेणासारखा पांढरा. तिच्या हातातला तिपाईचा पाय गळून पडला. शेतातल्या काळ्या नळीत उन्हानं पाणी कोमट झालं होतं. मी ते त्याच्या पायावर सोडायला सांगितलं आणि काकू नळी धरून बसली. बाजूला दादा उलटी करत होता.

सडकेवर एकच जीप मिळाली. त्यात आम्ही चौघं. दादाचा हात माझ्या ओढणीत बांधलेला, चुलतभावाचा पाय फवारणीच्या बादलीत.

"मोजनी नव्हती का मंग?" वाटेत चुलतभावानं विचारलं.

"पानाचा रोग पाहत होतो," मी म्हणाले.

"मंग सांगाचं न."

दादा डोळे न उघडता म्हणाला, "तू सांगू देलं का?"

काकूनं तोंड पदरात घातलं. मला त्या क्षणी तिची कीव आली नाही. माझी पाठ पेटली होती आणि त्याचा पाय गेला तरी चालेल, असं मनात येत होतं. तरी बादलीतलं पाणी थंड झालं की मी जीप थांबवून ते बदलायला लावत होते.

वाशिमच्या दवाखान्यात चुलतभावाच्या पायाची तीन बोटं काढावी लागली. दादाचा हात आता खांद्याच्या वर जात नाही, म्हणून त्यानं रेतनाचं काम सोडून गावात दुकान टाकलं. मोजणी पुढे पोलिसांच्या बंदोबस्तात झाली, हद्दीचे दगड रोवले गेले. यंत्र मी पुन्हा बांधलं आणि चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात घेतली. दोन्हीकडच्या तक्रारी मात्र कोर्टात आहेत. तारखेला मी गावी येते आणि दोन्ही घरं एकाच एसटीनं जातात, कारण वेळेवर पोचणारी दुसरी गाडी नाही.

मागच्या तारखेला काकू येऊन माझ्या शेजारी बसली. खिडकीकडे बघत म्हणाली, "जी बोटं काढली न, तीच गार पडतात म्हन्ते तो. काय करू?"

"लोकरीचे मोजे घालाले सांगा," मी म्हणाले. "कमी नाही झालं तं दवाखान्यात दाखवा."

तिनं मान हलवली. स्टँडवर उतरून आम्ही दोघी आपापल्या वकिलाकडे गेलो.