टायरची खोली

गॅरेजमागच्या त्या खोलीत जुने टायर रचलेले होते आणि वहिनींचा तिच्यावर कधीपासून डोळा होता. मिक्सर, रेडिओ, टीव्हीचे रिमोट असे काय काय त्या दुरुस्त करायच्या, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर. भाजीत सोल्डरच्या तारेचा तुकडा निघाला, तेव्हा सासूबाईंनी हातच जोडले होते.

"खोली द्या की मग," वहिनी दिराला म्हणाल्या. "गाड्यांमधलं इलेक्ट्रॉनिक कामही बघेन."

"गाडी म्हणजे मिक्सर नव्हे, वहिनी," दीर हसला. गॅरेज त्याच्या शब्दावर चालायचे. नवरा अशा वेळी नेमका गाडीखाली असायचा.

त्यातच टॅक्सीवाले काका पुन्हा आले. त्यांची ऑटोमॅटिक गाडी तासभर पळाली की हिसका द्यायची आणि तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसायची. "चढावर सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात हो!" काका रडकुंडीला आले होते.

"गिअरबॉक्सच बदलायला हवा," दिराने निकाल दिला.

"मग गाडीच विकतो."

"भाऊजी, गिअर बदलायला सांगणारा तो छोटा कॉम्प्युटर, कंट्रोल युनिट, मला द्या," वहिनी मध्ये पडल्या. "नीट झालं तर टायर बाहेर."

"आणि नाही झालं तर?"

"रिमोटलासुद्धा हात लावणार नाही."

दीर प्रत्येक गाडी सकाळी तपासायचा, कारण गरम इंजिनाने हात भाजतात. थंड गाडीत काही सापडायचे नाही. तो कॉम्प्युटरवरची दोषाची नोंद पुसायचा आणि गाडी परत द्यायचा. वहिनींनी मात्र युनिट उघडले, मीटरच्या दोन्ही सुया एकेका जोडावर टेकवल्या आणि सासूबाईंचा केस वाळवायचा ड्रायर सुरू केला.

"आता त्याची वेणी घालणार का?" सासूबाईंनी विचारले.

मीटर टीं करत राहिला, म्हणजे जोड शाबूत होते. बोर्ड तापत गेला. कोपऱ्यातल्या एका जोडावर आवाज अचानक बंद पडला. फुंकर मारली, पुन्हा टीं. भिंगाखाली केसाएवढी चीर दिसली. वहिनींनी जुने सोल्डर काढून नवे भरले. परत तापवले. आवाज तुटला नाही.

युनिट परत बसवून काकांनी गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर धक्का बसला.

"झालं?" दीर मागच्या सीटवरून म्हणाला.

"युनिटने आधी शिकलेलं सगळं मी पुसून टाकलंय, भाऊजी. नव्या सुनेसारखं आहे ते. घराची रीत कळायला वेळ लागतो. काका, हळूहळू चालवा."

धक्के कमी होत गेले, मग थांबले. गाडी चांगली तापल्यावर काकांनी ती चढावर घातली. दुसरा, तिसरा, गरज पडली तसा पुन्हा दुसरा. पुढे एक सायकलवाला होता. काकांनी त्याला मागे टाकले आणि उगाचच लांबलचक हॉर्न दिला.

परतल्यावर दिराने बाह्या सरसावल्या. तो टायरच्या खोलीत शिरला. पहिला टायर अंगणात गडगडत आला, तसा नवरा गाडीखालून बाहेर पडला आणि दुसरा त्याने आणला.

सासूबाई टेबल पुसत होत्या. "ड्रायर मात्र इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "माझे केस अजून ओले आहेत."