घडोबाचं तोंड

माझी नात देव बनवते. मूर्ती नव्हे, अख्खा देव. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हणालो, "आहेत तेवढे पुरत नाहीत का तुला?" ती म्हणाली, "खेळातला देव आहे हो आजोबा."

खेळ असा, की दर रविवारी दुपारी तिचे चार मित्रमैत्रिणी इथे हिंदी मुलखात, बाग सेवनियातल्या आमच्या घरी जमतात. सगळे नोकरीला लागलेले, लहान कोणी नाही. पुढच्या खोलीत टेबल ओढून बसतात. नात एक दुनिया सांगते. तिथले डोंगर, राजे, राक्षस, देव, सगळे तिच्या डोक्यातून आलेले. बाकीची चौघं त्या दुनियेत कोणी ना कोणी बनतात. एक चोर, एक वैद्य, एक भाडोत्री शिपाई. काय करणार ते तोंडाने सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला आला तर जमलं, नाही तर गेला जिवानिशी. मेलेला स्वयंपाकघरात येऊन म्हणतो, "दादाजी, मैं तो मर गया, चाय मिलेगी क्या?"

माझ्या बायकोला हा गोंधळ फार आवडायचा. ती गेल्या वर्षी आषाढात गेली. तेव्हापासून घरात रविवार तेवढा बोलतो, बाकीचे दिवस टीव्ही बोलतो.

तर त्या दुनियेत मातीचा आणि हातकामाचा एक देव होता, घडोबा. आपला खंडोबा, म्हसोबा, तसा घडोबा. त्याची गोष्ट नातीने मला मेथी निवडता निवडता सांगितली. आधी नुसता चिखल होता. चिखलातून दोन हात वर आले. हातांनी मग बाकीचं अंग घडवलं, पाय, पोट, छाती, खांदे. तोंडाची वेळ आली आणि माती संपली. म्हणून घडोबाला तोंड नाही. तो चाचपून बघतो. त्याच्या देवळात कोणी हात जोडत नाही, तळवे उघडे करून पुढे धरतात. घट्टे लागले तर देव पावतो. आणि दुसऱ्याने केलेलं काम जो आपलं म्हणून सांगेल, त्याचे हात घडोबा परत चिखल करून टाकतो.

"हे शेवटचं कुठून काढलंस?" मी विचारलं.

"तुमच्याकडूनच की. फाउंड्रीत कोणी दुसऱ्याच्या मोल्डवर आपला नंबर टाकला तर तुम्ही त्याला शिव्या घालायचात, तुम्हीच सांगता ना."

सांगतो खरं. मी मोल्डर होतो. कोल्हापूरला हात बसला, मग इथल्या मोठ्या कारखान्यात लागलो, सगळी नोकरी इंद्रपुरीला राहून केली. मोल्डर काय करतो ते लोकांना माहीत नसतं. लाकडाचा नमुना दुसराच कारागीर करून देतो. मोल्डर तो वाळूत ठेवतो, वाळू ठोकून घट्ट करतो आणि नमुना अलगद वर काढतो. खाली पोकळी राहते, तिच्यात लोखंडाचा रस ओततात. म्हणजे मी जन्मभर पोकळी केली. आकार दुसऱ्याचा. कोणी आकार हातात दिला तर त्याची पोकळी अशी करीन की बघत राहाल. पण मातीचा गोळा देऊन उंदीर करा म्हणालात, तर बटाटा होईल.

हे बायको सोडून घरात कोणाला माहीत नव्हतं. आमचा गणपती दर वर्षी घरी केलेला असायचा, शाडूचा. बायको करायची, मी ड्यूटीवर गेलो की. मुलगा नोकरीला नागपूरला गेल्यावरच तिने हे सुरू केलं होतं; तो, सून आणि नात यायचे ते मूर्ती तयार झाल्यावर. आरतीला आलेली माणसं म्हणायची, "फाउंड्रीवाल्याचा हात आहे, दिसतंच." बायको आतून प्रसादाचं ताट घेऊन येत असायची. मी म्हणायचो, "चालायचंच." नाही कधी म्हणालो नाही. मुलगा बदली होऊन इथे राहायला आला तोवर बायकोची बोटं वाकली होती, मूर्ती बाजारातून यायला लागली. नातीच्या डोक्यात राहिलं ते हेच, की आजोबा मूर्ती करायचे.

यंदा श्रावणात ती म्हणाली, "आजोबा, गोष्ट संपत आलीय. आता घडोबाला तोंड मिळणार आहे. आमच्यातला एक बंगलोरला चाललाय, तो जायच्या आत संपवायचंय. तुम्ही कराल तोंड? खरंखुरं, टेबलावर ठेवायला?"

"त्यात काय मोठं," मी म्हणालो.

शाडू आणला. पहिला बटाटाच झाला. दुसरं तोंड आमच्या जुन्या फोरमनसारखं झालं, तेही दाढ सुजलेल्या. तिसऱ्याला नाक लावलं की गाल पडायचा आणि गाल लावला की नाक. नात दाराशी येऊन विचारायची, "बघू?" मी म्हणायचो, "कारागिराला टोकू नये." एवढं म्हणायला लाज वाटली नाही.

शनिवारी घरात कोणी नव्हतं. मी बायकोची ट्रंक उघडली. तिच्या जुन्या साडीत गौरींचे दोन मुखवटे गुंडाळलेले होते. शाडूचे, रंगवलेले. माझ्या आईने तिला दिलेले. गेल्या वर्षी सण केला नव्हता, त्यामुळे ते तसेच होते. साडीला डांबरगोळ्यांचा वास होता आणि त्याखाली तिचा. मी बराच वेळ ती साडीच धरून बसलो. मग मुखवटा हातात घेतला आणि डोक्यात एकच शब्द आला. नमुना.

गच्चीवर घमेल्यात वाळू भिजवली. मुखवट्याला पावडर चोपडली, वाळू चिकटू नये म्हणून. वरवंट्याने कडेकडेने ठोकत आलो. किती वर्षांनी हात असा चालत होता. कारखान्यातले नमुने लाकडाचे, वर रंगाचे हात दिलेले. हा शाडू, तो ओल ओढून घेणार, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंही. पण हात थांबवले नाहीत.

मुखवटा वर काढला तर नाक वाळूतच राहिलं. गालांचा रंगही गेला होता. मी नाक चिमटीने वेचून काढलं. पोकळी बघितली, तर शाबूत. केसांची रेघसुद्धा उठली होती. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. प्लास्टर कालवून ओतलं. संध्याकाळी घडोबाला तोंड होतं. मोडका मुखवटा साडीत गुंडाळला, नाक कागदाच्या पुडीत घालून शेजारी ठेवलं आणि ट्रंक लावून टाकली.

रविवारी पोरांनी ते तोंड टेबलावर ठेवलं तेव्हा सगळी खुर्च्या सोडून उभी राहिली. मग चोर झालेली मुलगी ओरडली, "अरे, घडोबा तो देवी निकला!" शिपाई म्हणाला, "यार, कुछ कुछ दादी जैसी लगती है." नात वाकून बघत होती. "हे कुठे तरी बघितलंय मी," म्हणाली. नथ, हार, कुंकू, काजळ यांच्याशिवाय तिने गौर कधी पाहिली नव्हती, म्हणून ओळखू आली नाही. पाचही जणांनी तळवे उघडे करून माझ्यापुढे धरले. मीसुद्धा माझे धरले. त्या दिवशी खेळ संपला नाही, शेवटचा भाग पुढच्या रविवारावर गेला.

गणपतीच्या आदल्या दिवशी सुनेने ट्रंक उघडली.

तिचा आवाज आला तेव्हा मी टीव्हीसमोर होतो. ती मुखवटा घेऊन बाहेर आली. कानांत वाळू, नाकाच्या जागी खड्डा. तिने घरभर नजर फिरवली आणि नातीच्या फळीवरचं प्लास्टरचं तोंड तिला दिसलं. दोन्ही शेजारी धरून बघितली.

"तुमच्या त्या खेळापायी?" ती लेकीला म्हणाली. "आजीची गौर? वर्षश्राद्ध आत्ता कुठे झालं तिचं, आणि तुम्ही तिची गौर घेऊन खेळलात?"

नातीने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी सांगेन म्हणून थांबली होती ती. टीव्हीवर हवामान चाललं होतं, होशंगाबादकडे पाऊस म्हणत होते. मी ते बघत राहिलो.

"सॉरी आई," नात म्हणाली.

"सॉरी काय सॉरी! बंद ते सगळं. रविवारी कोणी यायचं नाही या घरात."

"आई, एकच रविवार. तो चाललाय बंगलोरला."

"जाऊ दे."

नातीने माझं नाव काढलं नाही. तिच्या जागी मी असतो तर ओरडलो असतो, म्हाताऱ्याला विचारा म्हणून. त्यानंतर ती मला जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, पण आजोबा म्हणायची नाही. ताट पुढे सरकवायची.

भंगलेला मुखवटा पुजत नाहीत, आणि जोडीतला दुसरा एकटा बसवत नाहीत. नवे इथे मिळेनात, पुण्याहून वेळेत येणार नव्हते. सुनेचं माहेर कोकणातलं, तिकडे खड्यांची गौर असते. मुखवटा नाही, काही नाही, पाणवठ्यावरचे पाच खडे आणायचे आणि तेच गौर म्हणून बसवायचे. सून आईशी फोनवर बोलली आणि म्हणाली, या वर्षी तसंच करू. खडे घरातल्या कुमारिकेने आणायचे. तोंडात पाण्याची चूळ धरायची, घरी येईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही.

"बाबा, तुम्ही जाल तिच्याबरोबर? छत्री धरायला," सून मला म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत.

कॉलनीमागच्या तलावावर गेलो. नातीने खडे निवडले, धुतले, ताम्हनात ठेवले, हळदकुंकू वाहिलं. मग चूळ भरली आणि निघाली. मी मागून छत्री धरलेली. ती मागे बघणार नव्हती आणि बोलणार नव्हती. तेवढ्यावरच मला धीर आला, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

"मी सांगायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

ती चालत राहिली. गाल फुगलेले, पाठ ताठ.

"आणि गणपती मी कधी केले नाहीत. एकही नाही. आजी करायची. मला नाकसुद्धा करता येत नाही. तुला नाही म्हणवलं नाही म्हणून तिची गौर मोडली. आणि तू बोलणी खाल्लीस तेव्हा मी पाऊस बघत होतो."

रिक्षावाला हॉर्न देत गेला. तिने ताम्हन छातीशी धरलं. आजी करायची म्हणालो तेव्हा तिचा पाय जरा थबकला होता, तेवढंच.

"एकदा तरी म्हणायला हवं होतं मी, की हिने केलाय. ती ताट घेऊन उभी असायची तिथेच."

यावर तिने काय केलं असतं कोण जाणे, घर आलं. सून दारात दुधापाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, नातीच्या पायांवर घालायला. माझ्या मनात आलं, आत गेलो की मी पुन्हा टीव्ही लावीन.

"सूनबाई, मुखवटा मी मोडला," मी म्हणालो. "हिने हातही लावला नव्हता."

सून तांब्या तिरका धरून तशीच उभी राहिली. "आत्ता? आत्ता सांगताय बाबा? बाजूला व्हा, गौर आत यायचीय."

मी बाजूला झालो. तिने लेकीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसलं आणि तिला आत घेतलं. खडे पाटावर बसले. नातीने तुळशीपाशी जाऊन चूळ टाकली. सून माझ्याकडे वळली.

"मोडायचं मोडलं, बाबा. पण तिला इतके दिवस माझी बोलणी खाऊ दिलीत?"

मी छत्री मिटून कोपऱ्यात उभी केली. 

नात तोंड पुसत आली. आईला म्हणाली, "रविवारी ते येतील."

"येऊ देत," सून म्हणाली.

मग दोघी मला तिथेच सोडून पाटाकडे वळल्या.

रविवारी चौघं आली. टेबल ओढलं. फाशाचा आवाज यायला लागला, मध्येच सगळी एकदम ओरडली, कोणी तरी वाचला किंवा मेला असेल. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. बंगलोरला जाणाऱ्याला साखर कमी लागते की दुसऱ्या कोणाला, ते आठवेना. पुढच्या खोलीत जाऊन, नातीसमोर विचारायला पाहिजे होतं. दूध वर येईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो, गॅस बारीक केला, आणि आणखी थोडा वेळ उभा राहिलो.