हुकूम कुणाचा होता

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, सैन्यात हवालदार होता. तो भरती झाला तेव्हा हवालदाराचं काम म्हणजे वरून आलेला हुकूम खणखणीत आवाजात खाली पोचवणं. पुढे दिवस बदलले. डोंगरातल्या विखुरलेल्या चौक्यांवर अधिकारी दर वेळी हजर नसतो, म्हणून नायक-हवालदारांनाच निर्णय घ्यायला शिकवू लागले, आणि अण्णाला सैन्याच्या त्या प्रशिक्षण शाळेत शिकवायला पाठवलं. सुरुवातीला सुट्टीवर आला की तो कुरकुरायचा, "आता यांना विचार करायला शिकवा म्हणे! मग हुकूम कोण पाळणार?" काही तुकड्या शिकवून झाल्यावर मात्र तोच मला पटवून देऊ लागला, "साहेब नसेल तिथं तूच साहेब. हे मी पहिल्याच दिवशी सांगतो."

त्याचा एक विद्यार्थी कुंभकोणमजवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा होता. तरुण नायक, शेतकऱ्याचा मुलगा. सुट्टीत तो कुंभकोणमला आमच्या घरी कॉफी प्यायला यायचा. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरची जुन्या वळणाची मराठी ऐकून त्याला हसू यायचं. त्यातलं 'जेवलीस का' एवढंच तो शिकला होता आणि दारातूनच माझ्या आईला तेच विचारायचा.

एका हिवाळ्यात त्याच्या चौकीजवळ बर्फाचा कडा कोसळून दोन जवान खाली दरीत बर्फाखाली गेले. वायरलेस बंद पडला होता. कुणाच्या हुकमाची वाट न पाहता तो दोर घेऊन उतरला. एकाला वर काढलं, दुसऱ्यासाठी पुन्हा उतरला आणि परतला नाही.

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली. सलामी झाली, गाड्या गेल्या. तेराव्यानंतर अण्णा त्याच्या घरी निघाला. "तू चल बरोबर," मला म्हणाला. इतकं ओशाळं तोंड मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं.

त्या मुलाच्या आईने आम्हाला ओसरीवर बसवलं. ती रडली नाही. तमिळमध्ये तिने एकच विचारलं, "त्याला खाली उतरायचा हुकूम कुणी दिला?"

"कुणीच नाही, अम्मा," अण्णा म्हणाला. "त्यानं स्वतः ठरवलं."

"मग मी रागवू कुणावर?"

अण्णा म्हणाला, "माझ्यावर. मीच त्याला तसं शिकवलं."

ती उठून आत गेली. आता ती बाहेर येणार नाही असं मला वाटलं. पण ती दोन पानं घेऊन आली आणि आम्हाला वाढलं. अण्णाने भात कालवला, पण घास उचलला नाही. ती समोर बसून होती. "जेव," म्हणाली. "तोही तुझं सगळं ऐकायचा."

शाळेत परतल्यावर अण्णाला कळलं, की तो प्रसंग आता वर्गात उदाहरण म्हणून शिकवायचा आहे. नकाशा, दोर, उतरण्याची जागा, सगळं. अण्णाने एका तुकडीला तो शिकवला. नवीन नायकांपैकी एकाने विचारलं, "उस्ताद, त्याचा निर्णय बरोबर होता का?"

"बरोबर होता," अण्णा म्हणाला आणि वर्गाबाहेर गेला.

पुढच्या बढतीची वाट न पाहता त्याने निवृत्ती घेतली. आता भरतीची तयारी करणारी मुलं शिकव म्हणून मागे लागतात. तो त्यांना कॉफी पाजतो आणि धावायचं कसं तेवढं सांगतो.