बाबांची मोसंबी, आईचे रातांबे

खळ्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं वाळत घातली की त्या आंबट वासासरशी मी जामसंड्याच्या आमच्या तेव्हाच्या नव्या घरामागे जाऊन उभी राहते. साल असेल पंचावन्न-छप्पन. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते आणि वर्षातून एकदाच, मे महिन्यात घरी यायचे. त्या खेपेला त्यांनी मोसंबीचं कलम आणलं होतं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, बोटीत मांडीवर सांभाळत.

आईने त्याला हातही लावला नाही. “तुमी थंय मुंबयक, मगे ह्येका पाणी कोण घालतलो?”

विहीर पार उताराखाली होती. प्रश्न रास्तच होता.

“अगो, पण गॉड किती लागता!” बाबा म्हणाले.

“माका असली लाडाची झाडां नकोत. पावसार जगतत तीच बरी.”

तिला हवे होते रातांबे, एक फणस आणि गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, कडेने करवंदी. बाबांचं तोंड उतरलं. कलम दारात विहीर असलेल्या शेजाऱ्यांकडे गेलं आणि बाबांनी निमूट कुदळ घेऊन आईच्या झाडांसाठी खड्डे खणले. मला तेव्हा आई भारी रुक्ष वाटली होती.

शेजाऱ्यांकडे ती मोसंबी पुढे छान धरली. पण पिकायची दिवाळीच्या सुमाराला, बाबा मुंबईत असताना.

आईची सगळी झाडं मे महिन्यात पिकायची.