राणीच्या पोराचं पुढं काय झालं?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते अमडापूरच्या माझ्या इतिहासाच्या सरांचे. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिला मी, आणि ती पदवी निम्मी तरी सरांच्या ओट्यावर मिळाली आहे.

सरांना एका ब्रिटिश लेखिकेचं वेड होतं. तिनं लिहिलेली राजाराण्यांची चरित्रं आणि इंग्लंडचे इतिहास त्यांनी पुण्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वेचून आणले होते. ती पुस्तकं ते सगळ्यांना सुचवत. औषधाच्या दुकानदाराला, एसटीच्या कंडक्टरला, एकदा तर दात काढताना डॉक्टरला. लोक सरांना पाहून रस्ता बदलायचे. मला तेवढं धाडस नव्हतं, म्हणून मी सापडलो.

"आधी चरित्र वाच, मग इतिहास," सर म्हणाले. "माणूस ओळखीचा झाला की सनावळी आपोआप ध्यानात राहते."

इंग्रजी मला झेपत नव्हतं. त्यावर सरांचा एक नियम होता. जेवढं वाचलं तेवढं संध्याकाळी ओट्यावर आपल्या बोलीत सांगायचं. ऐकायला दोघं ठरलेली: शेजारच्या बांगड्यावाल्या चाची आणि एक निवृत्त तलाठी काका. त्यांचं समाधान झालं तरच पुढचं प्रकरण.

मी एका राणीचं चरित्र सांगत होतो. तिला राज्य सोडावं लागलं, तान्हा मुलगा मागं राहिला, आणि भावकीतल्याच दुसऱ्या राणीनं तिला कैदेत टाकलं.

"भावकी म्हणजे झालंच," काका म्हणाले. "सातबारा कोणाच्या नावावर होता?"

"काका, तिकडं सातबारा नव्हता."

"मंग भांडन होईनच ना बे!"

चाचींना जमिनीशी घेणं नव्हतं. "पोरगं कोणापाशी राह्यलं? त्याले दूध कोन पाजे?"

पुस्तकात ते होतं, पण मी घाईत वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी शब्दकोश घेऊन तेच पान पुन्हा वाचलं. मन लावून वाचायला मी असा शिकलो. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी चाचींइतके अवघड प्रश्न मला कधी विचारले नाहीत.

मग पहिला खंड संपला. राणी किल्ल्यात, पोरगं दूर. दुसरा खंड सरांकडे नव्हता.

"भेटलं का नाई ते तिले?" चाचींनी विचारलं. त्यांचा स्वतःचा मुलगा दुबईला गेला होता. दरवर्षी येतो म्हणायचा.

"फोनात पाहू का?" मी म्हणालो.

"फोनात पाहायचं असंन तर ओट्यावर काऊन बसला?" सर कडाडले. स्वतः सर फोनवर फक्त गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' पाठवतात.

"पाहू नोको," चाचीही म्हणाल्या. "पुस्तकातूनच सांग. पन सांगजो मात्र."

एम.ए.ला मी संभाजीनगरला आलो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसरा खंड सापडला. तो घरी नेता येत नव्हता, म्हणून तिथेच बसून संपवला आणि सरांना पत्र लिहिलं:

"आदरणीय सरांना सप्रेम नमस्कार.

दुसरा खंड वाचून झाला. राणी मुलाला पुन्हा कधीच भेटली नाही. ती निरोप पाठवत राहिली. तो मोठा झाला, राजा झाला, आणि तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी त्यानं तिची शवपेटी मोठ्या मानानं राजधानीत आणवली. भेट म्हणाल तर तेवढीच.

सर, भेट झाली असं सांगावं, हे दोनदा मनात आलं. चाची थोड्याच पुस्तक तपासायला जाणार? पण त्या पुढं विचारतील, 'काय बोलली मंग पोराशी?' ते मला रचून सांगता येणार नाही. आणि तुम्ही समोर बसलेले असाल.

काकांना आज सांगितलं तरी चालेल. चाचींना मात्र तुम्ही सांगू नका, त्यांनी मला विचारलं आहे. दिवाळीत येतो. त्यांच्या मुलाचा फोन शुक्रवारी असतो. त्याचा आवाज त्यांनी ऐकला, की मग ओट्यावर बसू.

आपला विद्यार्थी"